स्थौल्य, आहार आणि गर्भाशयाच्या अंतःस्तराचा कर्करोग

रजोनिवृत्तीला पाच वर्षे उलटल्यावर पुन्हा रक्तस्राव सुरू झालेली एक स्थूल रुग्णा सिल्लोड येथील आमच्या चिकित्सालयात आली. तत्पूर्वी तिने औषध दुकानातून अशोकारिष्टाच्या चार बाटल्या नेऊन घेतल्या होत्या. आम्हीही रक्तप्रदर समजून पंधरा दिवस स्तंभन चिकित्सा केली. पुढे निदान झाले ते गर्भाशयाच्या अंतःस्तराच्या कर्करोगाचे. त्या पंधरा दिवसांची खंत हेच या लेखाचे निमित्त होय.

हा व्याधी आपल्याकडे पाश्चात्त्य देशांच्या तुलनेने विरळ आहे. म्हणूनच तो वैद्याच्या ध्यानात येत नाही. १९८३ मध्ये बोखमन यांनी त्याचे दोन प्रकार सांगितले. त्यांतील पहिला स्थौल्य व मधुमेह यांच्याशी निगडित आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये अतिरिक्त मेदाशी संबंधित १३ कर्करोगांची नोंद केली. त्यांत याचा समावेश असून हा संबंध अत्यंत दृढ आहे. देहभार निर्देशांक ५ ने वाढल्यास धोका सुमारे दीडपट होतो.

याची संप्राप्ती अशी : रजोनिवृत्तीनंतर बीजकोशाचे कार्य मंदावते, परंतु मेदोधातूत इस्ट्रोजेनची निर्मिती चालूच राहते. प्रोजेस्टेरॉनचा अंकुश नसल्याने अंतःस्तराची अनिर्बंध वाढ होते. रक्तातील वाढलेले इन्सुलिन त्यास साहाय्य करते.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात गुरु, मधुर, शीत, स्निग्ध आहार, अव्यायाम व दिवास्वप्न ही स्थौल्याची कारणे सांगितली आहेत. आपल्या तालुक्यात ज्वारी-बाजरीच्या भाकरीची जागा बेकरीचे पदार्थ, गोड चहा व तळलेले फरसाण घेत आहेत. शेतातले श्रमही कमी झाले आहेत. गुरु परंतु अपतर्पण करणारा आहार हा चरकोक्त उपाय. त्यास अनुसरून भाकरी, मूग, कुळीथ, पालेभाज्या, ताक व नित्य चालणे यांचा आग्रह धरावा. मात्र पथ्य हा प्रतिबंधाचा मार्ग आहे, झालेल्या कर्करोगाची चिकित्सा नव्हे, हे रुग्णेस स्पष्ट सांगावे.

रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव झालेल्या दर १०० स्त्रियांपैकी सुमारे ९ जणींत हा कर्करोग आढळतो, आणि हा रोग झालेल्या बहुतेक स्त्रियांत रक्तस्राव हेच पहिले लक्षण असते. म्हणून असा स्राव एकदाच झाला तरी योनिमार्गे सोनोग्राफी करवावी. अंतःस्तराची जाडी ४ मिलिमीटरपेक्षा अधिक असल्यास, अथवा स्राव पुन्हा झाल्यास, बायोप्सी आवश्यक होय. छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय कर्करोग रुग्णालय आपणांस दूर नाही. व्याधी गर्भाशयापुरता मर्यादित असताना शस्त्रक्रिया केल्यास बहुसंख्य रुग्णा बऱ्या होतात.

औषध विक्रेत्या बंधूंना आमची विनंती आहे की, प्रदराचे औषध मागणाऱ्या प्रौढ स्त्रीस "पाळी जाऊन किती वर्षे झाली?" एवढे अवश्य विचारावे. उत्तर वर्षाहून अधिक आल्यास बाटली देण्याऐवजी तिला तपासणीस पाठवावे.