तिचं दुखणं आधी खरं मान

धसई, ता. मुरबाड

प्रिय बाळास,


सूनबाईच्या आतड्याच्या आजाराचं निदान क्रोन्स म्हणून पक्कं झालं, हे तुझ्या फोनवरून कळलं. तू सारखं विचारत होतास, तिला खायला काय द्यायचं. तेही सांगते, पण आधी दुसरं. ती 'दुखतंय' म्हणाली की ते खरं मान. आणि घरात ते पटवून द्यायचं काम तुझं, तिचं नव्हे.

या दुखण्याला ना पट्टी, ना प्लास्टर. कळ आली की माणूस पोट धरून घामाघूम होतं आणि तासाभराने उठून भांडी घासायला बसतं. बघणाऱ्याला वाटतं, आत्ता तर धडधाकट होती. त्यात तिला सध्या स्टेरॉइडच्या गोळ्या चालू आहेत. त्यांनी गाल भरतात, मग आळीतल्या बायका म्हणतात, 'अंग तर धरलंय, कुठे आजारी दिसते?' असलं ऐकून तिने गोळ्या टाकून दिल्या तर जिवावर बेतू शकतं. त्या एकदम सोडायच्या नसतात, डॉक्टर सांगतील तशा हळूहळू कमी करायच्या. गोळ्या कमी झाल्या की चेहऱ्याची सूजही ओसरते. बायकांना हे तू सांग. यंदा लावणीला ती शेतात उतरणार की नाही, हेही ताईशी, तुझ्या आईशी, तूच बोल. तिच्या तोंडून ते कामाची टाळाटाळ वाटेल.

तिची ताटवाटी अजून वेगळी ठेवता, असं कानावर आलं. फार वाईट वाटलं. आधी टीबीची औषधं दिली, त्याची ही भीती. त्या डॉक्टरांवर मात्र राग धरू नकोस. न्यूयॉर्कच्या डॉ. क्रोन यांनी सहकाऱ्यांसोबत १९३२ साली या आजाराचं वर्णन केलं, त्यात लहान आतड्याचा शेवटचा भाग धरला होता. पोटात उजव्या अंगाला खाली, मोठ्या आतड्याला लागून, तो असतो. आतड्याचा टीबीही बहुधा तिथेच बसतो. दुर्बिणीतून जखमा सारख्याच दिसतात, बायोप्सीनेही दर वेळी उलगडा होत नाही. आपल्याकडे टीबी इतका, की पुष्कळदा आधी त्याचीच औषधं देऊन बघावी लागतात. क्रोन्स मात्र कुणाला लागत नाही, ताटातून नाही की अंथरुणातून नाही. तिचं ताट आजच मांडणीत सगळ्यांच्या ताटांबरोबर लाव, आणि तूच लाव.

आता पाण्याचं. भातसा, तानसा ही धरणं तुमच्या शहापूर तालुक्यात. त्यांचं पाणी मुंबईला जातं आणि मे महिन्यात आपले पाडे टँकरची वाट बघत बसतात. अशा घरात दिवसातून दहादा संडासला जावं लागणाऱ्या बाईने दर वेळी हंड्यात किती उरलंय ते बघून जायचं का? संडासात झाकणाचा एक ड्रम फक्त तिच्यासाठी ठेव. रात्री झोपायच्या आधी तो तू भर. धुण्याला त्यातला तांब्याभरही कुणी घ्यायचा नाही. नाहीतर जावं लागेल म्हणून ती खाणंपिणंच तोडेल. इस्पितळात तारीख असली की आदल्या दिवसापासून पाणी न पिणाऱ्या बाया मी वॉर्डात नोकरी करताना खूप पाहिल्या. इस्पितळासाठी आसनगावहून दादरला जायला दोनेक तास लागतात आणि लोकलला संडास नसतो. घरून वेळ हाताशी ठेवूनच निघा. कल्याणला, ठाण्याला उतरावंसं वाटलं तर उतरा, मागची गाडी पकडा. कपाळाला आठी घालू नकोस. पिशवीत कपड्यांचा एक जोड असू दे.

डॉक्टरांपुढे तिला बोलू दे. नवराच उत्तरं देतो आणि बाई पदराशी चाळा करत बसते, असं होऊ देऊ नकोस. कळ कधी आली, किती वेळा जावं लागलं, रक्त पडलं का, ते तिने वहीत लिहावं. वही तिच्या हातात असावी.

खाण्याचं म्हणशील तर आजार उसळला असताना पेज, मऊ भात, मुगाचं वरण. आतडं अरुंद झालंय असं डॉक्टर म्हणाले असतील तर साली, बिया, कच्च्या भाज्या टाळा. पुढे तिला काय सोसतं ते तिलाच कळत जाईल, तू तिचे घास मोजू नकोस. बेंबी सरकली म्हणून कुणाला पोट चोळू द्यायचं नाही. मेडिकलमधून अंगदुखीची गोळी परस्पर आणायची नाही, त्यातल्या बऱ्याच गोळ्यांनी हा आजार उसळू शकतो. पोट फुगलं, उलट्या थांबेनात, वाराही सरेना, तर उजाडायची वाट बघू नका, १०८ ला फोन करा.

पाळणा कधी हलणार, असं लोक विचारतील. आजार शांत असताना, डॉक्टरांना विचारून औषधं नीट लावून घेतली, तर बहुतेक बायकांना मूल होतं. पण ते तुम्ही दोघांनी ठरवायचं. विचारणाऱ्याला तू उत्तर दे, ती समोर असताना दे.

ताईला मी वेगळं पत्र लिहिते आहे. पुढच्या तारखेला तुला रजा मिळाली नाही तर मी मुरबाडहून एसटीने कल्याणला येते. तू तिला आसनगावला गाडीत बसवून दे, कल्याणपासून मी सोबत असेन. कोणत्या डब्यात बसवलीस ते लगेच फोन करून सांग.

तुझी,
मावशी