साठी आणि बुद्धी : संशोधन काय सांगते?

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण मराठी माणसाच्या ओठांवर सहज येते. आजोबांनी कपाळावरचा चष्मा घरभर शोधला, की नातवंडेही ती ऐकवून मोकळी होतात. विनोदापुरती ती ठीक आहे. परंतु तिच्या आधारे ज्येष्ठांच्या हातून व्यवहार काढून घेतले जाऊ लागले, अथवा ‘आता आमच्याने काय होणार’ असे म्हणून ज्येष्ठांनीच मन मिटून घेतले, तर ती तपासून पाहणे अगत्याचे ठरते. त्याचप्रमाणे ती सर्वस्वी खोटी मानून निश्चिंत राहणेही हिताचे नाही. वृद्धत्व आणि बुद्धी यांच्या संबंधावर गेल्या काही दशकांत झालेले संशोधन या दोन्ही टोकांपासून दूर असलेले सत्य सांगते.

सहासष्ट वर्षांनंतरची परीक्षा

दिनांक १ जून १९३२ रोजी स्कॉटलंडमध्ये १९२१ साली जन्मलेल्या जवळजवळ सर्व शाळकरी मुलांची एकाच दिवशी बुद्धिचाचणी घेण्यात आली. ८७,४९८ मुले तीस बसली. त्या गुणांच्या नोंदी अनेक दशके दुर्लक्षित राहिल्या. १९९०च्या दशकात इयन डिअरी व लॉरेन्स व्हॅली या संशोधकांना त्यांचे मोल उमगले. त्यांनी मूळ परीक्षार्थींपैकी हयात असलेल्यांचा शोध घेतला आणि १ जून १९९८ रोजी, म्हणजे बरोबर ६६ वर्षांनी, ॲबरडीन येथे १०१ जणांना तीच प्रश्नपत्रिका पुन्हा सोडवावयास दिली.

परीक्षार्थी आता ७७ वर्षांचे होते. त्यांचे सरासरी गुण अकराव्या वर्षीच्या गुणांपेक्षा अधिक भरले! बालपणी जे पुढे होते, ते बहुतांशी वार्धक्यातही पुढेच राहिले. मात्र सर्वच नव्हेत. काही जण बरेच वर सरकले होते, तर काही खाली आले होते. याच परंपरेतील पुढील अभ्यासांवरून असे दिसते, की वृद्धापकाळातील बौद्धिक क्षमतेत माणसामाणसांत जो फरक आढळतो, त्यापैकी सुमारे निम्म्याचा उलगडा बालपणीच्या बुद्धीवरून होतो. उरलेला निम्मा फरक मधल्या आयुष्यात घडतो. शिक्षण, आरोग्य, सवयी आणि परिस्थिती यांना वाव आहे तो येथेच.

सर्व शक्ती एकदम ओसरत नाहीत

‘बुद्धी’ हा शब्द आपण एकवचनी वापरतो. प्रत्यक्षात ती अनेक शक्तींची जुळणी आहे. वॉर्नर शाय यांनी १९५६ साली अमेरिकेतील सिॲटल येथे आरंभिलेल्या दीर्घकालीन अभ्यासात त्याच व्यक्तींची दर सात वर्षांनी चाचणी घेण्यात आली. त्यातून स्पष्ट झाले, की माहिती टिपण्याचा व उत्तर देण्याचा वेग तरुणपणापासूनच हळूहळू मंदावतो. परंतु शब्दसंपत्ती, अनुभवजन्य ज्ञान व भाषेची जाण दीर्घकाळ टिकते आणि मध्यमवयात तर वाढतेही. म्हणूनच नव्या यंत्रापुढे गोंधळणारे आजोबा कौटुंबिक पेचप्रसंगी मात्र नेमका सल्ला देतात. यात विसंगती काहीच नाही.

मनःस्वास्थ्याच्या बाबतीतही चित्र आशादायक आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॉरा कार्स्टेन्सन यांच्या संशोधनानुसार, उरलेला काळ मर्यादित आहे ही जाणीव माणसाला निवडक, जिव्हाळ्याच्या नात्यांकडे वळविते. त्यामुळे अनेक वृद्धांचे भावनिक समाधान तरुणांपेक्षा कमी नसते, किंबहुना अधिक असते.

प्रयत्नांना फळ किती?

अमेरिकेत ६५ वर्षांवरील २,८३२ व्यक्तींना स्मरण, तर्क किंवा आकलनवेग यांपैकी एकाचे प्रशिक्षण देऊन, अथवा कोणतेही प्रशिक्षण न देता, त्यांची तुलना करण्यात आली. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्याचा सराव केला तीच शक्ती सुधारली. इतर शक्तींमध्ये तसा लाभ दिसला नाही. तर्क व वेग यांतील लाभ दहा वर्षांनंतरही काही प्रमाणात टिकून होता. तात्पर्य, शब्दकोडे सोडविल्याने शब्दकोडी सोडविण्यात प्रावीण्य येते. त्याला सर्वरोगहारक मात्रा मानू नये.

शरीराचा व्यायाम मात्र मेंदूच्याही कामी येतो, असे दिसते. स्कॉटलंडमधील १९३६ साली जन्मलेल्या ६३८ व्यक्तींच्या २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सत्तरीत शारीरिकदृष्ट्या अधिक क्रियाशील असलेल्यांच्या मेंदूची झीज वयाच्या ७३व्या वर्षी कमी आढळली. रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, श्रवणदोष व एकाकीपणा यांकडे वेळीच लक्ष देणे तितकेच महत्त्वाचे आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली असे १४ घटक नोंदविले असून, ते सर्व दूर करता आले तर जगातील स्मृतिभ्रंशाच्या जवळजवळ ४५ टक्के प्रकरणांना प्रतिबंध किंवा विलंब होणे तत्त्वतः शक्य आहे, असे म्हटले आहे.

भारतातील स्थिती

आपल्या देशात मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये ४५ वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक व्यक्तींच्या पाहणीची पहिली फेरी केली. तिच्याशी निगडित स्मृतिभ्रंशविषयक अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार साठीवरील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये आणि शहरांपेक्षा ग्रामीण भागात हे प्रमाण अधिक आहे. शिक्षणाची संधी ज्यांना नाकारली गेली, त्यांना तिची किंमत उतारवयातही मोजावी लागते, हा यातील विचार करायला लावणारा भाग आहे. तथापि याच आकड्याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी : साठीवरील शंभरांपैकी नव्वदाहून अधिक व्यक्तींना हा विकार नाही. म्हणीचा दावा येथे फोल ठरतो.

पासबुकातील पूर्वसूचना

मग काळजी कोठे घ्यावयाची? पैशाच्या व्यवहारात वेग, स्मरण, हिशेब आणि समोरच्या व्यक्तीची पारख या साऱ्यांचा एकाच वेळी कस लागतो. त्यामुळे मंदावलेली एखादी शक्ती तेथे लवकर उघडी पडते. अमेरिकेतील एका अभ्यासात (२०१७) साठीनंतर आर्थिक ज्ञानाच्या चाचणीतील गुण दरवर्षी सुमारे एक टक्क्याने घटल्याचे आढळले. परंतु स्वतःच्या निर्णयक्षमतेवरील विश्वास मात्र घटला नाही. खरा धोका येथे आहे. दृष्टी कमी झाली की माणूस चष्मा घेतो. निर्णयशक्ती कमी झाल्याचे त्याला स्वतःला जाणवतेच असे नाही. अमेरिकेतच एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या २०२० सालच्या अभ्यासात, स्मृतिभ्रंशाचे निदान होण्यापूर्वी सहा वर्षांपर्यंत देयके थकू लागल्याचे दिसून आले. वैद्यांच्या आधी पासबुक बोलू लागते, असे म्हणावयास हरकत नाही.

याचा अर्थ ज्येष्ठांचे पासबुक मुलांनी काढून घ्यावे, असा मुळीच नाही. बुद्धी शाबूत असताना, आपल्या इच्छेने आणि आपल्या अटींवर व्यवस्था लावून ठेवावी, एवढाच त्याचा अर्थ.

• वीज, दूरध्वनी व विमा हप्ते यांसाठी खात्यातून परस्पर भरणा होण्याची सूचना बँकेला द्यावी.

• संयुक्त खाते उघडताना व्यवहाराची पद्धत समजून घ्यावी. ‘पहिला खातेदार किंवा हयात’ या पद्धतीत पहिल्या खातेदाराच्या हयातीत व्यवहाराचा अधिकार त्याच्याकडेच राहतो.

• नामनिर्देशन अद्ययावत ठेवावे. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींसाठी चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येते.

• साधे मुखत्यारपत्र हा कायमचा उपाय नव्हे. भारतीय करार अधिनियम, १८७२च्या कलम २०१ अन्वये, ते देणाऱ्याची मानसिक क्षमता नष्ट झाल्यास मुखत्याराचा अधिकार संपुष्टात येतो. नेमकी गरज असते तेव्हाच तो कागद निरुपयोगी ठरतो आणि कुटुंबास न्यायालयाची पायरी चढावी लागते.

• मोठी रक्कम काढण्यापूर्वी किंवा कोणास पाठविण्यापूर्वी विश्वासातील एका व्यक्तीशी बोलण्याचा नियम स्वतःस घालून घ्यावा. फोनवरून घाई करणाऱ्यास ‘उद्या सांगतो’ असे उत्तर द्यावे. फसवणूक झाल्यास तत्काळ १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

• सत्तरी ओलांडलेल्या खातेदारांनी घरपोच बँकसेवेची चौकशी आपल्या शाखेत करावी. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली त्याबाबत बँकांना निर्देश दिले आहेत.

कुटुंबीयांनीही एक पथ्य पाळावे. देयक थकले, तोच धनादेश दोनदा दिला गेला, नित्याचा हिशेब जुळेनासा झाला, तर चेष्टा किंवा दटावणी न करता वैद्यकीय सल्ला घ्यावा. थायरॉइडचा विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, औषधांचे परिणाम किंवा नैराश्य हेही अशा विस्मरणामागे असू शकते आणि त्यांवर उपचार आहेत.

साठी आली म्हणून बुद्धी नाठी होत नाही. तिचा वेग बदलतो, आणि त्या बदलत्या वेगाला साजेशी व्यवस्था हवी असते. ती लावण्यास सर्वांत योग्य व्यक्ती म्हणजे ते ज्येष्ठ स्वतः, आणि सर्वांत योग्य वेळ म्हणजे तिची गरज भासत नाही ती वेळ.