इन्व्हर्टरची पेटी लहान का होत नाही?

वीज गेली की इन्व्हर्टर बॅटरीतील एकदिश प्रवाहाचे प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर करतो. काम एवढेच, मग पेटी इतकी अवजड कशाला? 2014 साली गूगल कंपनी व आय.ई.ई.ई. ही अभियंत्यांची संघटना यांनी हाच प्रश्न स्पर्धेच्या रूपाने जगापुढे ठेवला. 450 व्होल्ट एकदिश दाबावर चालणारा 2 किलोवॅटचा इन्व्हर्टर 40 घनइंचांहून, म्हणजे सुमारे 655 घनसेंटिमीटरहून लहान हवा. बक्षीस 10 लक्ष डॉलर!

खरी मेख कोठे आहे ते पाहू. प्रत्यावर्ती प्रवाहाची शक्ती स्थिर नसते. सरासरी 2000 वॅट असली तरी ती शून्य ते 4000 वॅट अशी सतत वरखाली होते. अमेरिकेच्या 60 हर्ट्झ विजेत सेकंदाला 120 वेळा. उलट एकदिश बाजूकडून मात्र संथ, एकसारखा पुरवठा घ्यायचा असतो. मधली तफावत कोणी सांभाळायची? ते काम धारित्राचे. गच्चीवरची टाकी नाही का, नळ बारीक चालू असला तरी सकाळची गर्दी निभावून नेते!

आता हिशेब करा. प्रत्येक हेलकाव्यात सुमारे 5.3 ज्यूल ऊर्जा साठवून परत द्यावी लागते. धारित्रावरील दाब 450 व्होल्टच्या आसपास 3 टक्क्यांतच हलू द्यायचा, तर सुमारे 870 मायक्रोफॅरडचे भले थोरले धारित्र लागते. म्हणजे टाकी मोठी, पण वापरायचे वरचे दोन बोटे पाणी! तोच दाब 150 ते 450 व्होल्ट असा हलू दिला, तर 59 मायक्रोफॅरड पुरतात. अर्थात असे धारित्र मुख्य तारांवर थेट जोडता येत नाही. त्यासाठी वेगळे छोटे मंडल करावे लागते.

वेटोळी लहान करण्याचा उपाय म्हणजे विद्युत्‌मार्ग अधिक वेगाने चालू-बंद करणे. पण प्रत्येक उघडझापीत थोडी ऊर्जा वाया जाते. येथे गॅलियम नायट्राइडचे ट्रान्झिस्टर सिलिकॉनपेक्षा सरस ठरतात.

तरीही उष्णता उरतेच. 95 टक्के कार्यक्षमता धरली, तर 2000 वॅट देताना सुमारे 105 वॅट उष्णता होते. पेटीची प्रत्येक बाजू निम्मी करा: आकारमान एक अष्टमांश होते, पृष्ठभाग एक चतुर्थांश, उष्णता मात्र तेवढीच! शिवाय पेटीचे तापमान 60 अंश सेल्सियसपुढे जाता कामा नये, अशी अट होती.

2016 मध्ये बेल्जियमच्या चमूने ही स्पर्धा जिंकली. त्यांचा इन्व्हर्टर सुमारे 230 घनसेंटिमीटरचा, क्रिकेटच्या चेंडूहून किंचित मोठा होता. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातल्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत त्याची 100 तासांची चाचणी झाली.