येत्या आठवड्यात काय पाहावे?



आठवडी बाजाराला निघताना आपण काय करतो? घरात मीठ किती, तेल किती, ते पाहतो. काय आणायचे ते ठरवतो. मग पिशवी घेऊन निघतो. बाजारात शंभर दुकाने असतात. म्हणून काही आपण शंभर जिनसा घेत नाही. पैसा कष्टाचा असतो.

टीव्हीपुढे मात्र आपण असे वागत नाही. बटण दाबले, जे लागले ते पाहिले. एक संपले की दुसरे सुरू. येथे विजेचा खर्च फार नाही. 50 वॅटचा संच 20 तास चालला, तेव्हा कोठे एक युनिट होते. येथे खर्च होतो तो वेळ. गेलेला पैसा पुन्हा मिळवता येतो. गेलेली संध्याकाळ परत येत नाही.

पूर्वी काय होते?

आपल्या देशात टीव्ही प्रथम दिल्लीत दिसला. तो दिवस 15 सप्टेंबर 1959. मुंबईचे दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. 1982 साली रंगीत चित्र आले. 1987 आणि 1988 साली रविवारी सकाळी ‘रामायण’ मालिका लागे. तेव्हा गावात एखाद्याच घरी टीव्ही. सारी आळी त्या घरी गोळा होई.

त्या काळी वाहिनी एकच होती. कार्यक्रम ठराविक तासच चालत. वेळ संपली की पडदा बंद. ‘साप्ताहिकी’ नावाचा एक कार्यक्रम असे. येत्या आठवड्यात कोणत्या दिवशी काय लागणार, ते त्यात सांगत. लोक त्यावरून ठरवत की कोणत्या दिवशी कामे लवकर उरकायची.

आता वाहिन्या पुष्कळ झाल्या. त्या रात्रंदिवस चालतात. टीव्ही आपण होऊन बंद होत नाही. तो आपल्यालाच बंद करावा लागतो. म्हणून ‘साप्ताहिकी’ आता आपल्या घरी आपणच लिहायची.

एका घराचा हिशेब

समजा, आपल्या बुलडाणा जिल्ह्यात एक शेतकरी घर आहे. घरात आबा, आजी, मुलगा, सून, दहावीतली नात आणि सहावीतला नातू. टीव्ही सकाळ-संध्याकाळ मिळून रोज 5 तास चालतो. आठवड्याचे 35 तास झाले.

रिमोट ज्याच्या हाती, त्याचे राज्य. आबा बातम्या लावतात. नातू रडून कार्टून लावतो. नात पुस्तक घेऊन बसते, पण कान टीव्हीकडे. सून चुलीपाशी भाकरी थापते. तिच्या कानावर मालिकेचा फक्त आवाज येतो. चित्र तिला दिसतच नाही.

एक दिवस नात म्हणाली, “आबा, मले अभ्यास हाये. परीक्षा जवळ आली.”

आबा म्हणाले, “मंग मी काय पाहूच नये काय?”

सून हळूच म्हणाली, “मामाजी, पाहा ना. पण कोणी काय पाह्याचं, ते एकदा लिहून तं ठेवू.”

सुनेचे म्हणणे आबांना पटले. शनिवारी रात्री जेवणे झाल्यावर सारे बसले. नातीने वहीचा कागद घेतला. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: “या आठवड्यात कोणता कार्यक्रम चुकला तर तुला वाईट वाटेल?” कागदावर असे उतरले:

सकाळी 6 ते 6.30, आबांचे कीर्तन, रोज. साडेतीन तास.

दुपारी 1 ते 1.30, आजीची मालिका, सहा दिवस. 3 तास.

संध्याकाळी 5.30 ते 6, नातवाचे कार्टून, रोज. साडेतीन तास.

संध्याकाळी 7 ते 9, टीव्ही बंद. अभ्यास, स्वयंपाक, जेवण.

रात्री 9 ते 9.30, सुनेची मालिका, सहा दिवस. 3 तास.

रात्री 9.30 ते 10, बातम्या व हवामान, रोज. साडेतीन तास.

रविवारी दुपारी सगळ्यांनी मिळून एक सिनेमा, नातीच्या पसंतीचा. 3 तास. क्रिकेटचा सामना असेल त्या रविवारी सिनेमा नाही.

बेरीज करा. साडेएकोणीस तास झाले. पूर्वी 35 होते. साडेपंधरा तास वाचले. कोणाची आवड मोडली नाही. उलट सुनेला तिची मालिका पहिल्यांदा बसून पाहता आली. हे ध्यानात ठेवा. घरात जी व्यक्ती सर्वांत जास्त राबते, तिचे नाव कागदावर सर्वांत आधी आले पाहिजे.

आजीची मालिका खरे तर रात्री 8 वाजता लागते. ती दुपारी कशी? पुष्कळ मालिकांचा कालचा भाग दुसऱ्या दिवशी पुन्हा दाखवतात. तो शोधला की भांडण मिटते.

वेळ कशी शोधावी?

पडद्याच्या खालच्या पट्टीवर पुढच्या कार्यक्रमाची वेळ येते. ती वाचा. रिमोटवर बहुधा कार्यक्रमांची यादी दाखवणारे बटण असते. ते दाबले की आजचे आणि पुढचे कार्यक्रम वेळेसह दिसतात. नावे इंग्रजीत असली, तर मुलांना वाचायला सांगा. वेळेचे आकडे आता तुम्हाला येतात.

निवडताना काय पाहावे?

पहिले, हवामान. शेतकऱ्याने ते चुकवू नये. पण कोणते ऐकावे? मुंबईच्या पावसाची चित्रे दिवसभर दाखवतात. त्यावरून आपल्या सोयाबीनवर फवारणी ठरवू नये. आपला जिल्हा विदर्भात आहे. ‘विदर्भ’ हा शब्द येईल तेव्हा कान द्या. विदर्भाचा अंदाज हवामान खात्याचे नागपूर केंद्र देते.

दुसरे, बातम्या. दिवसातून एकदा नीट ऐकल्या की पुरे. तीच बातमी दहा वेळा ऐकून दहा बातम्या होत नाहीत. शेतीसाठी वेगळी सरकारी वाहिनीही आहे. ‘डीडी किसान’ ही वाहिनी 26 मे 2015 रोजी सुरू झाली.

तिसरे, मालिका. दोन दिवस मालिका पाहू नका. तिसऱ्या दिवशी पाहा. गोष्ट कळली, तर रोज पाहण्याची गरज नाही, असे समजा. मालिका हे नाटक असते. इतिहासाची मालिका असली तरी ते नाटकच. जिजाऊंच्या जीवनावर 2019 साली एक मालिका सुरू झाली. जिजाऊंचा जन्म आपल्याच जिल्ह्यात सिंदखेडराजा येथे झाला. लखुजीराजे जाधवांचा वाडा तेथे आजही पाहता येतो. मालिका पाहावी. पण मुलांना एकदा वाडाही दाखवावा. पडद्यावरचा वाडा रंगवलेला असतो. तेथला दगड खरा आहे.

चौथे, जाहिरात. अर्ध्या तासाच्या मालिकेत गोष्ट साधारण 22 मिनिटांची असते. बाकीचा बराच वेळ जाहिरातींचा. जाहिरात देणारा माल विकायला बसलेला असतो. औषधाचे डॉक्टरांना विचारा. बियाण्याचे आणि फवारणीचे सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारा.

पैसाही वाचतो

चार आठवड्यांचे कागद जपून ठेवा. कोणत्या वाहिनीचे नाव चारही कागदांवर एकदाही आले नाही, ते पाहा. तिचे पैसे आपण भरतो काय? फेब्रुवारी 2019 पासून ग्राहकाला हव्या त्या पैशाच्या वाहिन्या निवडता येतात. केबलवाल्याला सुट्या वाहिनीची आणि एकत्र संचाची, दोन्ही किमती विचारा. हिशेब करून मगच ठरवा. दूरदर्शनच्या ‘फ्री डिश’ला तर महिन्याचे भाडेच नाही. छत्री आणि पेटी एकदा विकत घ्यावी लागते.

एका गावाने काय केले?

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव हे गाव आहे. करोनाच्या काळात मुले घरी बसून मोबाइलवर शिकली. शाळा उघडल्या, तरी मोबाइल आणि टीव्ही सुटेना. मग 2022 साली गावाने ठरवले. संध्याकाळी 7 वाजता देवळावरचा भोंगा वाजे. घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद होत. मुले अभ्यासाला बसत. साडेआठला ते पुन्हा सुरू करायची मोकळीक असे. लोकांना सवय लागावी म्हणून अंगणवाडी सेविका, आशाताई, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले.

गावाने टीव्ही फोडले नाहीत. त्यांना वेळ नेमून दिली. एका घरात एकच मूल टीव्ही सोडून उठले, तर त्याला वाटते, मलाच शिक्षा. सारे गाव उठले, तर शिक्षा वाटत नाही. म्हणून शेजारच्या दोन-चार घरांशी बोलून एकच वेळ ठरवली, तर जास्त बरे.

एक अडचण येईल. पहिल्या आठवड्यात कागद मोडेल. पाहुणे येतील, सामना लागेल, वीज जाईल. म्हणून कागद फाडू नका. पुढच्या शनिवारी पुन्हा बसा. कागद लिहिताना लहानथोर एकत्र बसतात आणि एकमेकांची आवड विचारतात, हाही मोठाच लाभ आहे.

प्रश्न

1. टीव्ही पाहताना सर्वांत जास्त खर्च कशाचा होतो?
2. ‘साप्ताहिकी’ या कार्यक्रमात काय सांगत?
3. सुनेला पूर्वी मालिका का दिसत नव्हती?
4. हवामान ऐकताना आपण कोणत्या शब्दाकडे कान द्यावा?

करून पाहा

या शनिवारी घरातील प्रत्येकाला त्याच्या आवडीचा एक कार्यक्रम विचारा. नाव, वार आणि वेळ कागदावर स्वतःच्या हाताने लिहा. तासांची बेरीज करा. कागद टीव्हीशेजारी भिंतीवर लावा.