शाळा व्यवस्थापन समिती आणि मुलांचे वाचन

वरोरा तालुक्यातील प्राथमिक शाळांचा कारभार कोणाच्या हाती असावा, या प्रश्नाचे उत्तर काळानुसार बदलत आले आहे. जुन्या मध्यप्रांताच्या 1948 च्या कायद्यान्वये तहसीलवार जनपद सभा स्थापन झाल्या व शाळा त्यांच्याकडे आल्या. 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यावर त्या शाळा तहसिलीकडून जिल्ह्याकडे गेल्या. पुढे 2009 चा शिक्षण हक्क अधिनियम 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला आणि कारभाराचा काही भाग खुद्द शाळेच्या अंगणात उतरला. निदान कागदावर तरी उतरला.

या अधिनियमाच्या कलम 21 प्रमाणे विनाअनुदानित शाळा वगळता प्रत्येक शाळेस व्यवस्थापन समिती असते. तीन चतुर्थांश सभासद पालक व निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा दंडक आहे. शाळेच्या कामावर लक्ष ठेवणे, विकास आराखडा तयार करणे व अनुदानाचा विनियोग पाहणे ही समितीची कर्तव्ये होत. शिक्षकाची नेमणूक अथवा बदली मात्र तिच्या हाती नाही. म्हणजे जबाबदारी पुष्कळ आणि अधिकार थोडा. अशा समितीमुळे मुलांच्या अभ्यासात खरोखर फरक पडतो काय?

या प्रश्नाचा कसून शोध उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात घेतला गेला. 2005-06 च्या सुमारास 280 गावांत ही पाहणी झाली. तेथील ग्रामशिक्षण समित्यांच्या कित्येक सभासदांना आपण सभासद आहोत हेच ठाऊक नव्हते! काही गावांत सभा भरवून समितीचे अधिकार समजावून दिले. काही ठिकाणी मुलांचे वाचन कसे तपासावे हेही गावकऱ्यांना शिकविले. परंतु समित्या हलल्या नाहीत व शाळेतही पालट झाला नाही. जेथे गावातील तरुणांना वाचनवर्ग घेण्याची सोपी पद्धत शिकविली, तेथे मात्र वर्गास बसलेली मुले स्पष्टपणे पुढे गेली. अधिकारांची नुसती माहिती निष्फळ ठरली आणि हाती दिलेले निश्चित काम फळास आले.

इंडोनेशियातील जावा बेटावरील अनुभव याला पूरक आहे. तेथे शाळासमित्यांना अनुदान व प्रशिक्षण देऊन फारसे साधले नाही. समितीची गाठ ग्रामपरिषदेशी घालून दिली तेव्हा मुलांची भाषा सुधारली. शाळासमितीच्या शब्दाला गावाच्या सत्तेचे पाठबळ मिळाले, हेच त्याचे कारण असावे.

अशा पाठबळाचे उदाहरण आपल्या शेजारीच आहे, जरी ते शाळेचे नसून जंगलाचे आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावास 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. तत्पूर्वी अनेक वर्षे तेथील ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेत होती आणि निर्णयापूर्वी अभ्यासगटात बसून विषय समजून घेण्याची रीत तिने घालून घेतली होती. बांबूविषयी जे जमले ते वाचनाविषयी जमू नये, असे मानण्यास आधार नाही.

यासाठी समितीच्या सभेत कशाची चर्चा होते, हे मुख्याध्यापकांनी तपासून पाहावे. भिंत, छप्पर, गणवेश व पोषण आहार यांतच बहुधा वेळ सरतो. हे विषय गौण नव्हेत; पण तिसरीतील किती मुलांना दुसरीचा उतारा वाचता येतो, हा प्रश्न इतिवृत्तात क्वचितच आढळतो. पालक स्वतः निरक्षर असला तरी मूल अडखळते की सलग वाचते, एवढे त्याच्या कानास कळते. प्रत्येक सभेच्या प्रारंभी चार-पाच मुलांनी पालकांसमोर उतारा वाचावा आणि जी अडखळतात त्यांच्यासाठी गावातील कोण शिकलेला तरुण संध्याकाळी बसेल, ते तेथेच नावानिशी ठरवावे. हीच मुले पुढे माध्यमिक शाळेत जातात. नववीत गणिताचे उदाहरण सुटत नाही, त्याचे मूळ पुष्कळदा उदाहरणच नीट वाचता न येण्यात असते.

सभेच्या वेळेचाही विचार व्हावा. वरोरा भागात सोयाबीनची कापणी आणि मागोमाग कापसाची वेचणी सुरू झाली की मजुरीवर जाणारी आई दुपारच्या सभेस येऊ शकत नाही. आली तर तिचा रोज बुडतो. मग तिची सही घेण्यासाठी वही घरी पाठविली जाते आणि उपस्थिती पूर्ण भरते. या महिन्यांत सभा दिवेलागणीनंतर, शाळेऐवजी वस्तीवर घेण्यास कोणत्याही नियमाची आडकाठी असू नये.