चि. रघूस पत्र

कुंभकोणम



वहिनींकडून कळलं, तू बोस्टनहून फोनवर सांगून घरच्या राउटरवर पोर्ट उघडून घेतलास, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर थेट इंटरनेटवर आणलास आणि पासवर्ड कारखान्यातून आला तोच ठेवलास. ऐकल्यापासून जिवाला घोर लागला आहे. आयपी पत्ता सारखा बदलतो म्हणून डायनॅमिक डीएनएसचं नाव घेतलंस, ते बरोबरच. पण त्याने तुला घर सापडतं, एवढंच. पोर्ट उघडा आहे तो सगळ्यांनाच.

पत्ता बदलता असल्यावर आपल्याला शोधणार कोण, असं म्हणशील. आयपीव्ही४चे सगळे पत्ते जेमतेम ४३० कोटी. मिशिगन विद्यापीठाच्या झेडमॅप या साधनाने २०१३ मध्ये दाखवून दिलं की एका संगणकावरून पाऊण तासात ते सारे चाचपता येतात. आज पत्ता बदलला तरी उद्याच्या फेरीत आपण सापडणारच. आणि घरात चोरण्यासारखं काय आहे, हेही म्हणू नकोस. २०१६ साली मिराई नावाच्या संगणकी किडीला कुणाच्या घरातलं काही नको होतं, यंत्रंच हवी होती. कारखान्यातल्या पासवर्डांची लहानशी यादी फिरवून तिने लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबरला त्यांच्या माऱ्याखाली जी डाइन कंपनी कोलमडली, तिचं नाव झालं होतं ते घरोघरच्या बदलत्या पत्त्यांना कायमचं नाव देण्यामुळेच! राजकोटच्या प्रसूतिगृहातलं चित्रण बाहेर विकलं गेल्याचं तर २०२५ मध्ये तूही वाचलं असशील. आपला एक कॅमेरा आजीच्या खोलीत आहे, रघू.

जादा पैसे भरून स्थिर पत्ता घेतलास तरी पोर्ट उघडाच राहणार. त्यापेक्षा राउटरवर वायरगार्ड हा व्हीपीएन बसव. त्यालाही एक पोर्ट लागतो, पण ओळखीची किल्ली नसलेल्याला तो उत्तरच देत नाही. कॅमेरे त्याच्या आड राहतात. डायनॅमिक डीएनएसचं तुझं नाव तिथे कामी येईल. राउटरचा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांत पडत असेल, तर एकच पत्ता अनेक घरांत वाटलेला आहे असं समज. मग बाहेरून कुणी येऊच शकत नाही, तूसुद्धा. अशा वेळी टेलस्केलसारखी सोय घे, तिच्यात घरचं यंत्रच आतून बाहेर जोडणी करतं. काहीही कर, पण तो पोर्ट आधी बंद कर.

फार बोललो. लांब राहणाऱ्याला घराची ओढ कशी असते, ते मला ठाऊक आहे; आमच्या वेळी पत्रांवर भागवावं लागे, आणि तीही मी पुरेशी लिहिली नाहीत. तुला आजी रोज दिसावी असं मलाही वाटतं. रविवारी सकाळी फोन कर. तिकडे शनिवारची रात्र असेल, तेव्हा जेवून बस. तू सांग, मी राउटरपाशी बसून करतो. आजीलाही शेजारी बसवतो, तिला तुझ्याशी बोलायचं आहे.

तुझा,
काका