आगगाडीतला लहान दुकानदार

गावात कोणी नवे दुकान घातले की लोक आधी विचारतात, "भांडवल किती घातलं?" प्रश्न बरोबर आहे. पैसा लागतोच. पण पैशाखेरीज आणखी एक भांडवल असते. ते कोणते, हे कळावे म्हणून आम्ही आज एका मुलाची गोष्ट सांगतो. गोष्ट दूरदेशची आहे, जुनी आहे, पण खरी आहे.

अमेरिकेत थॉमस एडिसन नावाचा मुलगा होता. त्याचा जन्म १८४७ सालचा. पुढे याच एडिसनने आवाज साठवून पुन्हा ऐकवणारे यंत्र काढले. घरात टिकून जळेल असा विजेचा दिवा केला. मोठेपणीचा एडिसन पुष्कळांना माहीत आहे. आज आपण बारा वर्षांच्या एडिसनला भेटू.

शाळेत तो थोडेच महिने गेला. मास्तरांना वाटले, या पोराचे डोके ठिकाणावर नाही. आम्ही जन्मभर मास्तरकी केली. ही हकीकत वाचली की आमची मान खाली जाते. त्याची आई पूर्वी शिक्षिका होती. तिने त्याला घरीच लिहायला-वाचायला शिकवले.

धंद्याला सुरुवात

१८५९ साली पोर्ट ह्युरन या त्याच्या गावापासून डेट्रॉइट शहरापर्यंत आगगाडी सुरू झाली. अंतर सुमारे शंभर किलोमीटर. एडिसन त्या गाडीत फेरीवाला झाला. वर्तमानपत्रे, फळे, गोळ्या विकू लागला. गाडी सकाळी निघे, रात्री परत येई. मधला वेळ डेट्रॉइटला मोकळा मिळे. तेव्हा हा पोरगा तिथल्या वाचनालयात जाऊन बसे.

कमाईतला एक डॉलर तो रोज आईच्या हाती देई. डॉलर म्हणजे तिकडचा रुपया. त्याचे सेंट शंभर. घरचा वाटा असा ठरलेला होता. बाकीच्या पैशातून दुसऱ्या दिवसाचा माल येई.

काही महिन्यांनी त्याने गावात दोन दुकाने घातली. एक वर्तमानपत्रांचे, दुसरे भाजीपाला आणि लोण्याचे. दोन्हींवर एकेक मुलगा बसवला आणि त्यांना नफ्यात वाटा दिला. पण वर्तमानपत्रांच्या दुकानावरचा मुलगा भरवशाचा निघाला नाही. एडिसनने ते दुकान लवकरच बंद केले. भाजीचे दुकान मात्र सुमारे वर्षभर चालवले. चाललेले ठेवले, न चाललेले सोडले. "लोक काय म्हणतील" म्हणून तोट्याचे दुकान ओढत बसला नाही.

एका दिवसाची गोष्ट

१८६२ सालचा एप्रिल महिना. अमेरिकेत तेव्हा भाऊबंदकीचे मोठे युद्ध चालू होते. उत्तरेचे आणि दक्षिणेचे लोक एकमेकांशी लढत होते. शायलो येथे मोठी लढाई झाली. दोन्हीकडचे मिळून तेवीस हजारांवर सैनिक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले.

एडिसनची एक सवय होती, बरं का. अंक किती घ्यायचे ते ठरवण्याआधी आत काय छापले आहे ते तो पाहून घेई. बातमी मोठी असली तर अंक जास्त, नसली तर कमी. त्या दिवशी लढाईची बातमी वाचून तो ओळखून चुकला की आज अंक हातोहात जाणार.

पण वाटेवरच्या गावांना हे कसे कळावे? तो तारबाबूकडे गेला. म्हणाला, "पुढच्या स्टेशनांना तार करा. गाड्यांच्या वेळा लिहितात त्या फळ्यावर ही बातमी खडूने लिहायला सांगा. मी तुम्हाला वर्तमानपत्र फुकट देत जाईन." तारबाबू कबूल झाला.

आता अंक हवे होते हजार. रोज तो शंभर-दोनशेच घेई. गाठीला तेवढे पैसे नव्हते. तेव्हा तो वर्तमानपत्राच्या कचेरीत वरिष्ठांकडे गेला आणि हजार अंक उधार मागितले. पोरगा पंधरा वर्षांचा! तरी अंक मिळाले.

विचार करा, केवढी ही जोखीम. शिळी भाकरी कोणी खाईल, पण शिळे वर्तमानपत्र कोण घेतो? अंक पडून राहिले असते तर दुसऱ्या दिवशी ती रद्दी झाली असती आणि कर्ज डोक्यावर बसले असते.

पहिल्या लहान स्टेशनावर एरवी दोन अंक खपत. त्या दिवशी फलाटावर गर्दी दाटली होती. पस्तीस अंक गेले. पुढच्या स्टेशनांवर तर झुंबड उडाली. फळ्यावरच्या दोन ओळींनी हे काम केले.

एक गोष्ट आम्हाला पटत नाही

गर्दी पाहून त्याने भाव चढवला. पाच सेंटचा अंक दहाला केला, शेवटी पंचवीसला. काही लोक याला हुशारी म्हणतील. पण त्या गर्दीत कोण होते? ज्यांची मुले लढाईवर होती असे आईबापही असतील. आपला मुलगा जिवंत आहे की नाही, या घोरात ते उभे असतील. जोखीम घेतली, मेहनत केली, म्हणून चार पैसे जास्त मिळवावेत. पण अडलेल्याकडून पाचपट घेणे आम्हाला बरे वाटत नाही. गिऱ्हाईक पैसे देते, पण अशी गोष्ट ते विसरत नाही.

आणि एक चूक

नफ्यातून त्याने लहानसे छापयंत्र घेतले आणि सामानाच्या डब्यात स्वतःचे साप्ताहिक छापले. त्याच डब्यात तो रसायनांचे प्रयोगही करी. एके दिवशी रसायनाने पेट घेतला आणि डबा जळू लागला. रेल्वेच्या माणसाने त्याचे सारे सामान गाडीबाहेर फेकले. दुकानात दुकानच असावे. तिथे दुसरा खेळ मांडला की दोन्ही जातात.

आपण काय घ्यावे?

१. माल घेण्याआधी गरज ओळखावी. तालुक्याचा भाव, बाजाराचा दिवस, यात्रेची तारीख वाचून ठेवावी.

२. उधारी घ्यायची तर खपेल अशा मालासाठी घ्यावी. सणासाठी, थाटासाठी नको. आणि अंक पडून राहिले असते तर काय झाले असते, तेही आठवावे.

३. भांडवल, नफा आणि घरखर्च यांच्या तीन पिशव्या कराव्यात. गल्ल्यात हात घालून घर चालवले तर दुकान कधी बुडाले ते कळतसुद्धा नाही.

४. रोजचा हिशेब रोज लिहावा. आणलेला माल, झालेली विक्री, दिलेली उधारी. डोक्यातला हिशेब भांडण लावतो, वहीतला हिशेब भांडण मिटवतो.

तर ते दुसरे भांडवल कोणते? वाचता येणे, आणि वाचलेले वापरता येणे. ते आता आपल्यापाशी आले आहे. ते चोर नेत नाही, त्याला व्याज पडत नाही. पण पडून राहिले तर गंजते. म्हणून आज निजण्यापूर्वी वहीच्या पहिल्या पानावर तारीख घाला आणि आजचा खर्च लिहा.

प्रश्न

१. एडिसनने फळ्यावर बातमी का लिहायला लावली?

२. वर्तमानपत्रांचे दुकान त्याने का बंद केले?

३. त्याने भाव चढवला, ते आपल्याला बरोबर वाटते का? घरच्या मंडळींशी बोला.